तृणस्पर्श : टोचणाऱ्या कपड्यांची गोष्ट



आज जरा लांबचा विषय घेतेय, पण सुरुवात घरातूनच करते. माझा मुलगा सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. पोष दशमीला आम्ही सगळे वरोऱ्याहून भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो होतो. त्याच्यासाठी पूजेची नवी जोड घेतली होती. केशरी रंगाची, चकचकीत, काठाला जरीची पट्टी असलेली. धर्मशाळेच्या खोलीत त्याला धोती नेसवली, खांद्यावर खेस टाकला आणि मुखकोश बांधायला घेतला, तोच त्याने सगळं ओरबाडून काढलं. "चावतंय, चावतंय" म्हणून जमिनीवर लोळायला लागला. बाहेर नणंदा आणि जावा थांबल्या होत्या, पक्षालाची वेळ होत आली होती. मी त्याच्या दंडाला जोरात चिमटा घेतला आणि म्हणाले, "देवाच्या दारात नाटकं करू नकोस."

आजेसासूबाईंनी ते पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी आजेसासऱ्यांची एक जुनी सुती धोती काढली. धुऊन धुऊन तिचा काठसुद्धा पुसट झाला होता. त्या आम्ही गाडीत सामान बांधायला नेत असू! तिथल्या तिथे ती दुहेरी घडी करून त्यांनी पोराला नेसवली, उरलेला भाग खांद्यावर घेतला. अंगात नेहमीची बंडी नव्हती, खेस सुती, मुखकोश मलमलचा रुमाल. पोरगा उठला आणि निमूट रांगेत उभा राहिला. त्याने पूजाही केली.

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचा लाड आहे. चिमट्याची निळी खूण चार दिवस राहिली. तिचं काय करायचं, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

नंतर नागपूरला एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी त्याला तपासलं आणि सांगितलं की त्याची त्वचा स्पर्श जास्त तीव्रतेने घेते. कॉलरचा टॅग, मोज्याची शिवण, नायलॉनची लेस, जे आपल्याला जाणवतही नाही ते त्याच्या मेंदूला धोक्याच्या घंटेसारखं वाटतं. हट्ट, वळण, संस्कार यांचा त्यात काही भाग नव्हता. घरी आल्यावर मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता गोष्ट आपल्या वरोऱ्यापर्यंत आणि आपल्या शास्त्रांपर्यंत येऊन पोचली. तीच सांगते.

या त्रासाला आधुनिक जगात नाव देणाऱ्या बाईंचं नाव आहे ए. जीन एअर्स. १९२० साली कॅलिफोर्नियात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्याही ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. १९६४ मधल्या एका लेखात त्यांनी स्पर्शापासून अंग चोरणाऱ्या मुलांचं वर्णन केलं, आणि १९७२ मध्ये या विषयावरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. कान, डोळे, त्वचा, तोल सांभाळणारी आतली इंद्रियं यांच्याकडून येणारी माहिती मेंदू एकत्र लावतो. काही मुलांमध्ये ही जुळवाजुळव वेगळी होते. मग मूल चिडतं, पळतं, कपडे फाडतं, आणि आपण म्हणतो की ते वाह्यात आहे.

अमेरिकेतल्या प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन स्वमग्न आहेत. आपल्या लहानपणाविषयी त्यांनी १९८६ आणि १९९५ च्या पुस्तकांत लिहिलंय. रविवारी चर्चला जाताना घालायचे खास कपडे, ते टोचणारे परकर त्यांना सॅंडपेपरसारखे वाटत. रोजचे कपडे वेगळे आणि रविवारचे वेगळे, त्या बदलाशी जुळवून घ्यायलाच त्यांना दिवस लागायचे. त्या चर्चमध्ये वाईट वागत, आणि मोठी माणसं रागावत. मी हे वाचलं तेव्हा भद्रावतीची ती खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. देव वेगळा, देश वेगळा, कापड तेच.

२०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये स्पर्श, आवाज यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे लक्षण घातलं. पण लक्षात घ्या, असं प्रत्येक मूल स्वमग्न असतंच असं नाही. नुसतं टॅग टोचतो म्हणून घाबरून जाऊ नका. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, आणि त्याच यादीत कुष्ठरोगमुक्त व्यक्तीही आहेत. ही दोन नावं एका यादीत पाहिली, तेव्हा मला आनंदवन आठवलं.

वरोऱ्यात राहून आनंदवन माहीत नाही असं होत नाही. बाबा आमटे हिंगणघाटला १९१४ साली जन्मले, वरोऱ्यात वकिली करायचे. सफाई कामगारांच्या बरोबरीने त्यांनी मैला वाहिला. एकदा रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण मरायला टेकलेला त्यांना दिसला. आधी ते भीतीने पळाले, मग परत आले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये गावाबाहेरच्या झुडपी माळावर बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्यावर आनंदवन उभं राहिलं. पुढे तिथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा झाल्या, हातमाग आले. तिथल्या मागावरच्या चादरी आणि टॉवेल आपल्यापैकी अनेकींच्या घरात आहेत.

कुष्ठरोगात नसा मरतात आणि स्पर्श जातो. चुलीवरचं भांडं हातात घेतलं तरी भाजल्याचं कळत नाही, पायात खिळा रुतला तरी कळत नाही. बोटं रोगाने झडतात असं लोक मानत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की हातापायांची नासाडी मुख्यतः न जाणवलेल्या जखमांमुळे होते. म्हणून या रुग्णांना रोज डोळ्यांनी हातपाय तपासायला शिकवतात, आणि त्यांच्या चपलांना मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ लावतात. पायाला जे कळत नाही ते चपलेने सांभाळायचं.

माझ्या मुलाचं नेमकं उलट होतं. त्याला सगळंच कळत होतं, जरा जास्तच. पण उपाय एकाच जातीचा निघाला : माणसाला वळण लावत बसण्याआधी त्याच्या अंगाला लागणारी वस्तू बदला. आपल्या गावाला हे सत्तर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे आणि मी गावातच राहून शिकले नव्हते.

आता कापडाकडे वळते. आपला भाग कापसाचा. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या कापसाला इंग्लंडच्या बाजारात वेगळं नाव होतं. तो इथला देशी 'बनी' कापूस, लांब आणि रेशमी धाग्याचा. पुढे जास्त पीक देणारा, पण आखूड आणि जाड धाग्याचा 'जरी' कापूस पसरला आणि बनी मागे पडला. जमशेटजी टाटांनी नागपूरला १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, त्यामागे दोन कारणं होती : भोवताली कापूस, आणि जवळ वरोऱ्याचा कोळसा. आपल्या गावची सरकारी कोळसा खाण १९०६ पर्यंत चालली. म्हणजे पणज्यांच्या अंगावरच्या गिरणीच्या लुगड्यात वरोऱ्याची आगही होती, असं म्हणायला हरकत नाही.

मग खादी आली. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, वर्धा हे त्या कामाचं मोठं केंद्र झालं, आणि आपल्याच जिल्ह्यातलं सावली गाव खादीसाठी ओळखलं जाऊ लागलं. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीला झालं, गांधीजी तिथे आले होते. सुरुवातीची खादी जाडीभरडी होती, नऊवारी नेसली की कमरेला ओझं व्हायचं. पण खादीचा एक गुण आहे. ती धुण्याने मऊ होत जाते. हाताने कातलेल्या धाग्याला गिरणीच्या धाग्याइतका घट्ट पीळ नसतो, विणीत हवा राहते. आजेसासऱ्यांची ती धोती सावलीचीच होती, हे मला नंतर कळलं.

सत्तरच्या दशकात टेरिलीन, टेरिकॉट घरोघरी आलं. इस्त्री लागत नाही, चुरगळत नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही, म्हणून आपल्या आयांना ते फार आवडलं. शाळेचे गणवेशही त्याचेच झाले. पण हिशेब असा आहे की हवेतला ओलावा कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवतो आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. वरोऱ्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हा फरक घामाने अंगाला चिकटलेल्या शर्टावर कळतो. साध्या मुलाला खाज सुटते. स्पर्शाला हळव्या मुलाचा सगळा वर्ग बुडतो, कारण त्याचं लक्ष पाठीवरच असतं.

टोचण्याचंही गणित आहे. लोकरीवर झालेल्या अभ्यासातून कळलं की साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक वाकत नाही, ते त्वचेत रुततं आणि तिथल्या नसांना चेतवतं. त्याहून बारीक तंतू वाकतो. कापसाचा तंतू बहुतेक १२ ते २० मायक्रॉनचा, म्हणून तो टोचत नाही. सुती कपडा टोचला तर दोष बहुधा शिवणीचा, खळीचा, भरतकामाच्या मागच्या गाठींचा किंवा टॅगचा असतो. अमेरिकेत हेन्स कंपनीने २००२ मध्ये टॅगऐवजी कापडावरच छापलेले टी-शर्ट आणले, आता आपल्याकडेही तसे मिळतात. तोवर जगभरच्या आया कात्रीच चालवत होत्या.

आपल्या आज्यांना मात्र हे पुस्तकाविना ठाऊक होतं. बाळंतविड्यातलं झबलं आठवा. जुन्या मऊ लुगड्याचं किंवा मलमलीचं, बटण नाही, मानेशी बंद, शिवण शक्यतो बाहेरच्या बाजूला. नव्या कोऱ्या कापडात तान्ह्याला घालायचं नाही, आधी जुनेरात गुंडाळायचं. लोक त्याला रीत म्हणत, पण त्या रीतीत बाळाच्या कातडीचा विचार होता. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ शांत झोपतं हेही त्यांना माहीत होतं. टेम्पल ग्रँडिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी अंगाला दोन्ही बाजूंनी सारखा दाब देणारी पेटी बनवली, ती याच कारणाने. हलका स्पर्श असह्य आणि घट्ट दाब सुखाचा, असं बऱ्याच मुलांचं असतं.

आता आपल्या शास्त्राचं. श्वेतांबर आणि दिगंबर दोघांनाही मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बावीस परीषह सांगितलेत. भूक, तहान, थंडी, उष्णता, डास-माश्या हे आपल्याला पाठ असतात. त्यातच एक आहे 'तृणस्पर्श'. गवताच्या काडीचा अंगाला होणारा स्पर्श! पाठशाळेत शिकताना मला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीला परीषह कशाला म्हणायचं? आज वाटतं, काडी टोचणं हे दुःख आहे, हे ज्यांनी भूक-तहानेच्या ओळीत लिहून ठेवलं, त्यांना शरीर नीट माहीत होतं. आणि परीषह समतेने सहन करायचे ते साधूंनी, दीक्षा घेऊन, समजून-उमजून. सात वर्षांच्या पोरावर तो आपण लादायचा नाही. आचारांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात साधू-साध्वींनी कोणतं वस्त्र घ्यावं, कोणतं नाकारावं याचा एक आख्खा भाग आहे, वस्त्रैषणा. म्हणजे वस्त्र ही विचार करून घेण्याची गोष्ट आहे. साध्वीजींना कापड वहोरावताना आपण दुकानात दहा ताग्यांवरून हात फिरवतो. मुलांसाठी घेताना फक्त रंग पाहतो.

जीवविचारात शिकलेलं आठवा. एकेंद्रिय जीवाला एकच इंद्रिय, स्पर्शन. बाकी चार नंतर. म्हणजे सगळ्या जीवांमध्ये समान असलेलं इंद्रिय तेच. आणि त्याचे आठ विषय : कर्कश-मृदु, गुरु-लघु, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष. मी गंमत म्हणून मुलाचे कपडे या आठांवर तपासायला लागले, आणि खरं सांगते, थेरपिस्ट बाईंनी दिलेल्या तक्त्याइतकाच त्याचा उपयोग झाला.

कर्कश-मृदु : कपडा उलटा करून गालावर फिरवायचा. तळहात कामाने राठ झालेला असतो, त्याला विचारू नका. टॅग कापू नका, शिवणीसकट उसवा, नाहीतर उरलेलं टोक जास्त टोचतं. मोजे उलटे घातले तरी चालतात.

गुरु-लघु : मुलाला सैल आवडतं की घट्ट, ते त्यालाच विचारा. माझ्या मुलाला आत अंगाबरोबर बसणारी सुती बंडी आणि वर सैल सदरा लागतो.

शीत-उष्ण : उन्हाळ्यात मलमल किंवा केंब्रिक, थंडीत स्वेटरच्या आत पूर्ण बाह्यांचा सुती कपडा. लोकर थेट मानेला लागू द्यायची नाही.

स्निग्ध-रूक्ष : नव्या कापडाची खळ जायला रात्रभर पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवायचं. साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळायचं. कडक उन्हात काठीसारखं वाळलेलं कापड घडी घालण्याआधी झटकून, चोळून ठेवायचं. मोठ्या भावंडाचे वापरलेले कपडे द्यायला लाजू नका, ते सोनं आहे.

पूजेच्या कपड्यांबद्दल एक बोलायचंच आहे. रेशीम शुद्ध, ही आपल्यात जुनी समजूत. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत आरमोरीकडे ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात, नागभीडचा कोसा प्रसिद्ध आहे. विणकरांच्या कलेला माझा नमस्कार. पण धागा अखंड निघावा म्हणून कोष आतल्या जिवासकट उकळतात, हे कळल्यावर अनेक घरांनी पूजेसाठी सुती घ्यायला सुरुवात केली. बाजारातली चकचकीत जोड तर बहुतेक वेळा रेशीमही नसते, पॉलिएस्टर असते. मग सुती जोडीने काय अडतं? स्वच्छ धुतलेली, पूजेपुरतीच ठेवलेली, न शिवलेली, एवढं पाळलं की झालं. आमच्याकडे अहिंसेचा आणि मुलाच्या कातडीचा प्रश्न एकाच धोतीने सुटला.

शाळेचं सोपं गेलं नाही. मी गणवेशाच्याच रंगाचा सुती शर्ट शिवून दिला, तर चिठ्ठी आली की कापड ठरलेल्या दुकानाचंच हवं. दोनदा जाऊन बसले, थेरपिस्टचं पत्र दाखवलं. शेवटी मानलं. पण त्या वर्षभरात मुलाला "बालहट्ट पुरवणारी आई" असं माझ्याबद्दल ऐकावं लागलं. ज्यांच्या हाती पत्र नाही, नागपूरला जायचे पैसे नाहीत, त्या आयांचं काय होत असेल, हा विचार मनातून जात नाही. म्हणूनच हे लिहिलं.

गेल्या संवत्सरीला प्रतिक्रमणानंतर घरात सगळ्यांशी खमतखामणा झाला. मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. आम्ही नेहमी घाईत "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून पुढे जातो. त्या दिवशी मी थांबले आणि म्हणाले, "भद्रावतीला मी तुला चिमटा घेतला होता, त्यासाठी."

तो जरा वेळ आठवत राहिला. "चिमटा आठवत नाही," म्हणाला, "पणजोबांची धोती आठवते. ती अजून आहे का?"

आहे. आता तिची चार फडकी झालीत, त्यातलं एक त्याचा मुखकोश आहे. तुमच्या घरात एखादं लेकरू दर सणाला नव्या कपड्यांवरून रडत असेल, तर रागावण्याआधी कपडा उलटा करून एकदा आपल्या गालाला लावून बघा.

जय जिनेंद्र.